पलीकडचा फुटपाथ आणि हातातले सेकंद

अठरा मीटर रुंदीचा एक रस्ता डोळ्यांसमोर आणा. आपल्या शहरांतील मोठ्या चौकांत असा रस्ता नवलाचा नाही. पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती वेळ पेटता ठेवावा, याचा हिशेब करताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत जगभर रूढ आहे. अठराला १.२ ने भागले की पंधरा सेकंद येतात. कागदावर गणित चोख आहे. आता त्याच रस्त्याच्या कडेला पंचाहत्तरीच्या, गुडघेदुखीमुळे बेताने पाऊल टाकणाऱ्या आजींना उभे करा. त्या सेकंदाला ०.८ मीटर चालतात. दिवा हिरवा झाला तरी वाहने खरोखरच थांबली आहेत ना, हे पाहण्यात त्यांचे पहिले दोन सेकंद जातात. उरलेल्या तेरा सेकंदांत त्या दहा मीटरांच्या किंचित पुढे पोहोचतात. दिवा लाल होतो तेव्हा साडेसात मीटर रस्ता, म्हणजे वाहनांच्या दोन भरगच्च रांगा, त्यांच्यापुढे शिल्लक असतात.

पुढचे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. इंजिने गुरगुरू लागतात, मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नाही, एखादा दुचाकीस्वार आजींच्या पदराला चाटून पुढे निघून जातो. त्याला वाटते, या वयात माणसे घाईच्या वेळी बाहेर का पडतात? आजींना वाटते, आजच्या मुलांना दयामाया उरलेली नाही. दोघेही एकमेकांचा स्वभाव दूषणीय ठरवतात आणि गणितातली चूक जिथल्या तिथे राहते.

ही चूक किती मोठी आहे? इंग्लंडमधील पासष्ट वर्षांवरील नागरिकांच्या चालीविषयीचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. शंभरातले ८४ पुरुष आणि ९४ स्त्रिया १.२ मीटरचा वेग गाठू शकत नव्हत्या. ज्या देशात फुटपाथ सलग आहेत आणि वाहने झेब्रा पट्ट्यांपाशी थांबतात, तिथली ही स्थिती आहे. आपल्याकडे तर पट्ट्यांवरच वाहने उभी असतात आणि पादचारी त्यांच्यामधून वाट काढतो. वळसे घेत चालणारा माणूस सरळ चालणाऱ्याहून अधिक वेळ घेणारच.

आपला स्वतःचा वेग किती आहे हे घरच्या घरी पाहता येते. व्हरांड्यात किंवा सोसायटीच्या आवारात खडूने चार मीटरचे अंतर आखावे. पहिल्या रेषेच्या दोन-तीन पावले आधीपासून नेहमीच्या चालीने चालू लागावे आणि दोन रेषांमधले सेकंद नातवाला मोबाइलवर मोजायला सांगावे. काठी वापरत असाल तर काठी घेऊनच चालावे. परीक्षा आहे म्हणून वेग वाढवू नये. चार मीटरांना पाच सेकंद लागले तर आपला वेग ०.८ मीटर. त्याहून अधिक वेळ लागत असेल तर ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण वृद्धांच्या स्नायूंची शक्ती तपासतानाही हाच आकडा मर्यादा म्हणून वापरला जातो. चाल मंदावण्यामागे गुडघे असतील, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल, पार्किन्सनची सुरुवात असेल किंवा नुसती सवय मोडलेली असेल. ‘वय झाले’ एवढ्यावर ते सोडून देऊ नये.

एकाच रस्त्यावरची चार घड्याळे

पुण्याचे उदाहरण घेऊ. हे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज सत्तरीत असलेल्या कितीतरी पुणेकरांनी शाळा, कॉलेज आणि पहिली नोकरी सायकलवरूनच केली. १९७२ मध्ये लूना आली, मग स्कूटर आणि मोटारसायकल घरोघरी पोहोचल्या, आणि पेठांमधले रस्ते मात्र होते तेवढेच राहिले. जागा पुरेना म्हणून एकेक रस्ता एकेरी होत गेला. एकेरी रस्त्याने वाहनांचा वेग वाढला. पायी चालणाऱ्याला मात्र एका बाजूने अखंड वाहणारा लोंढा मिळाला, ज्यात थांबायला फट नाही. शिवाय वळसा टाळण्यासाठी उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार आहेतच. ‘रस्ता एकेरी आहे, म्हणजे एकाच बाजूला पाहिले की पुरे’ हा समज म्हणूनच सर्वांत धोक्याचा. पाऊल टाकण्यापूर्वी दोन्हींकडे पाहावे, आणि ज्या बाजूने कोणी येण्याचे कारण नाही त्या बाजूला दोनदा पाहावे.

२००६ च्या अखेरीस स्वारगेटमार्गे कात्रज ते हडपसर बीआरटी सुरू झाली, तेव्हा काही रस्त्यांच्या कडेने सायकल मार्गही आखण्यात आले. पुढे २०१६ साली पुणे महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले आणि २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागद चांगले आहेत, हे मान्य केले पाहिजे. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाले, बसायला बाके आली, तेव्हा अनेक ज्येष्ठांनी बऱ्याच वर्षांनी तिथे निवांत फेरफटका मारला. परंतु शहरभर पाहिले तर सायकल मार्ग बहुतेक ठिकाणी फुटपाथच्या पातळीवर, फुटपाथला खेटून आखलेला दिसतो. रंगाचा पट्टा पुसट झाला की कुठवर चालायचे आणि कुठून सायकल जायची हे कोणालाच कळत नाही. त्यातच विजेचा खांब, रोहित्र, झाडाचा पार आणि वडापावची गाडी येते. मग सायकलस्वार चालणाऱ्यांत शिरतो, चालणारा डांबरी रस्त्यावर उतरतो आणि वाहनचालक दोघांवर चिडतो. तिघांनाही आपला हक्क दुसऱ्याने हिरावला असे वाटते, आणि खरे सांगायचे तर तिघांचेही थोडे थोडे बरोबर असते.

प्रत्येकाच्या हाती वेगळे घड्याळ असते, हे समजून घेण्याजोगे आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर कापते. चालकाला धोका उमगून ब्रेकवर पाय पडायला साधारण एक सेकंद लागतो. कोरड्या रस्त्यावर ती मोटार पूर्ण थांबेपर्यंत २७-२८ मीटर जातात. तीच ताशी ३० किलोमीटरने येत असती तर १३ मीटरांत थांबली असती. सायकलस्वाराचा वेग सेकंदाला चार मीटरांच्या आसपास. त्याला थांबायचे नसते, कारण पुन्हा पायडल मारून वेग घेण्याचे कष्ट त्याच्याच पायांना पडतात. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलाचे घड्याळ त्याच्या मोबाइलमध्ये असते आणि ते त्याने लावलेले नसते. आणि आपले घड्याळ सर्वांत संथ.

वेग हा इथे शिष्टाचाराचा मुद्दा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मोटारीच्या धडकेचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला तर पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता साडेचार पट होते. हाडे ठिसूळ झालेल्या शरीराला तर त्याहून पुष्कळ कमी वेगाचा धक्काही पुरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे जवळपास दर पाचांत एक.

धक्का न लागताही

या आकड्यांत न दिसणारा एक प्रकार ज्येष्ठांच्या घरांत वारंवार ऐकू येतो. कोणाचाही धक्का लागलेला नसतो. मागून अचानक सायकलची घंटी वाजते, किंवा अजिबात न वाजता सायकल खांद्याजवळून सरकते. माणूस दचकून झटकन वळतो आणि तोल जाऊन पडतो. सायकलस्वाराला आपल्यामुळे कोणी पडले याचा पत्ताही नसतो. असे पडणे वाहतूक अपघात म्हणून सहसा कुठे नोंदले जात नाही. घरात त्याला ‘पाय घसरला’ म्हणतात. खुब्याचे हाड मोडायला मात्र तेवढे पुरेसे असते.

दचकून पडण्यामागे वयाची काही साधी कारणे आहेत. कानांची शक्ती कमी होते, विशेषतः आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखण्याची. विजेवर चालणाऱ्या स्कूटर तर तरुण कानांनाही चटकन जाणवत नाहीत. मानेचे मणके ताठरलेले असतील तर मान पुरती वळत नाही आणि मागे पाहण्यासाठी सगळे अंग फिरवावे लागते. काचबिंदू असणाऱ्यांची बाजूची नजर हळूहळू कमी होते; समोरचे स्वच्छ दिसत असल्याने त्यांना हे कळतही नाही. मोतीबिंदू असेल तर संध्याकाळी हेडलाइटचा प्रकाश डोळ्यांत पसरतो आणि त्या उजेडाआडची काळी मोटारसायकल दिसत नाही. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. त्यातून खाली पाहिले की फुटपाथची कड धूसर दिसते. बाहेर चालण्यासाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेण्याविषयी नेत्रतज्ज्ञांना विचारावे. खर्च थोडा, उपयोग मोठा.

अंतराचा अंदाज येतो, वेगाचा येत नाही, हीही एक अडचण. वाढत्या वयात रस्ता ओलांडताना माणूस वाहन किती लांब आहे यावर निर्णय घेतो. ते किती वेगाने येत आहे हे नीटसे जोखता येत नाही. शंभर मीटरांवरची मोटारसायकल पुष्कळ दूर वाटते. ताशी ४० किलोमीटर वेगाने ती नऊ सेकंदांत आपल्यापाशी पोहोचते, आणि नऊ सेकंदांत ०.८ च्या चालीने आपण सात मीटरच गेलेलो असतो.

औषधांचाही येथे संबंध आहे. रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी किंवा झोपेची गोळी यांनी उठल्यावर चक्कर येत असेल, तर गोळी घेतल्यानंतर लगेच बाहेर पडू नये. ती स्वतःहून बंद मात्र करू नये, वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी उपाशीपोटी लांबच्या फेरीला निघू नये. साखर उतरली की निर्णय चुकतो आणि तो चुकला आहे हे त्या क्षणी जाणवत नाही.

‘आता एकटे बाहेर जायचे नाही’

एकदा असा प्रसंग घडला की घरात फर्मान निघते. मुलगा म्हणतो, ‘बाबा, भाजी मी आणत जाईन.’ सून म्हणते, ‘आई, देवळात रविवारी गाडीने जाऊ.’ त्यामागची काळजी खरी असते, यात शंका नाही. परंतु त्या फर्मानाची किंमत कोणी मोजत नाही. रोजची भाजी, वाचनालय, कट्ट्यावरची मंडळी हे सगळे एकदम थांबते. चालणे थांबले की पायांची शक्ती घटते, तोल बिघडतो, वेग ०.८ वरून ०.६ वर येतो. आणि पुढे कधी रस्ता ओलांडावाच लागला, बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी म्हणा, तर तोच रस्ता पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचा झालेला असतो. घरात बसल्याने माणूस सुरक्षित होतो हा समज मला पटत नाही. पडण्याच्या घटना घरातही थोड्या घडत नाहीत.

काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती अशी की, मनाई करण्यापूर्वी एक सकाळ द्या. आईबाबांबरोबर त्यांच्या नेहमीच्या वाटेने चालून पाहा. पुढे नव्हे, त्यांच्या चालीने. कोणत्या चौकात किती सेकंद मिळतात ते मोजा. फुटपाथची कड कुठे वीतभर उंच आहे, पेव्हर ब्लॉक कुठे उखडले आहेत, दुभाजकात उभे राहायला जागा कुठे आहे, टेकायला पार किंवा पायरी कुठे आहे, हे पाहा. मग कागदावर नवा रस्ता काढा. अनेकदा शंभर-दीडशे पावलांचा वळसा घेतला की मोठा चौक टळतो आणि अरुंद गल्लीतून तीच मंडई गाठता येते. वेळही बदलून पाहा. शाळा सुटण्याची, कार्यालये भरण्याची वेळ टाळून सकाळी अकराच्या सुमारास निघाले तर तोच रस्ता निराळा भासतो.

पादचारी पुलाचा सल्ला मात्र सरसकट देऊ नका. खालून उंच वाहने जावीत म्हणून असा पूल रस्त्यापासून साडेपाच मीटरांच्या आसपास उचललेला असतो. पस्तिसाहून अधिक पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. उतरताना गुडघ्यांवर भार अधिक येतो. उद्वाहन किंवा सरकता जिना चालू असेल तर गोष्ट वेगळी. एरवी हे पूल पादचाऱ्यांच्या नावाने बांधलेले असले तरी सोय वाहनांचीच पाहतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष ओलांडताना काय करावे? हिरवा दिवा आधीपासून चालू असेल तर त्यावर निघू नका. तो किती सेकंद उरला आहे हे आपणांस ठाऊक नसते. एक फेरी जाऊ द्या आणि पुढचा दिवा पेटताच निघा. रुंद रस्ता दोन टप्प्यांत ओलांडा: दुभाजकापर्यंत एक, तिथे उभे राहून दुसरा. थांबलेल्या बसच्या अगदी पुढून कधीही निघू नका, कारण बसला वळसा घालून येणाऱ्या दुचाकीला तुम्ही दिसत नाही आणि ती तुम्हाला दिसत नाही. रस्त्याच्या मधोमध असलेल्या बीआरटी थांब्यावर जायचे असेल तर समोर बस दिसली म्हणून धावू नका. बस पुन्हा येते.

एकदा निघालात की चाल बदलू नका. आपल्याकडचा दुचाकीस्वार सहसा थांबत नाही, तो तुमच्या चालीचा अंदाज घेऊन पुढून किंवा मागून निघतो. ही पद्धत वाईट आहे. पण ती आहे तोवर मधेच थबकणे, मागे फिरणे किंवा एकदम धावणे याने त्याचा अंदाज चुकतो आणि अपघात त्याच क्षणी घडतो. तळहात उंच धरून चालकाच्या चेहऱ्याकडे पाहावे. मोटारीच्या पुढच्या काचेच्या बाजूचा खांब चालकाची नजर अडवतो; त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही असे समजावे. पावसात छत्री डोळ्यांवर कलती धरू नये. संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे घालावेत. जुन्या पिढीचे पांढरे धोतर आणि सदरा या बाबतीत आजच्या काळ्या जॅकेटपेक्षा पुष्कळ शहाणे होते!

शेजारी कोणी तरुण उभा असेल तर ‘बाळा, जरा पलीकडे सोडतोस का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. आणि आपण सोबत जात असाल, तर वाहने ज्या बाजूने येतात त्या बाजूला आपण राहावे, दंडाला धरून ओढू नये. आपले कोपर पुढे करून ज्येष्ठांना ते धरू द्यावे. ओढल्याने तोल जातो, धरू दिल्याने सावरतो.

हँडल आपल्याच हाती असेल तेव्हा

आपण नेहमीच पादचारी असतो असे नाही. कितीतरी ज्येष्ठ आजही स्कूटर चालवतात, काही सकाळी सायकलवर टेकडीपर्यंत जातात. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवाना दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावा लागतो आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते मिळवणे किती सोपे आहे हे आपण जाणतोच. म्हणून खरी तपासणी आपली आपणच करावी. गेल्या वर्षभरात गाडीला नवे ओरखडे उठले आहेत का? रात्री समोरच्या दिव्यांनी काही क्षण काहीच दिसेनासे होते का? मागे बसायला पत्नी कां-कूं करू लागली आहे का? यांपैकी एकाचे उत्तर होकारार्थी आले तर रात्रीचे आणि पावसातले वाहन चालवणे आधी सोडावे. दिवसाचे राहू द्यावे. सगळे एकदम सोडायला लावले तर माणूस हट्टाला पेटतो, हे काळजी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

सायकल चालवणाऱ्यांनी फुटपाथवर चढू नये, रस्ता कितीही भीतिदायक वाटला तरी. चढावेच लागले तर उतरून सायकल हातात धरून चालावे. चालणाऱ्याच्या अगदी मागे जाऊन घंटी वाजवली तर तो दचकतो. पंधरा-वीस पावले आधी वाजवावी. आरसा, मागचा लाल दिवा आणि पाय सहज टेकेल इतकी खाली घेतलेली सीट यांत साठीनंतर हयगय नको. पुढची दांडी नसलेली सायकल पुरुषांनीही निःसंकोच घ्यावी, चढउतार करताना पडण्याचा संभव कमी होतो.

लागलेच तर

पडलेल्या ज्येष्ठाला घाईने उभे करू नये. पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, किंवा जांघेत वेदना असून पाय टेकवत नसेल, तर खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता मोठी. काही जण मोडलेल्या हाडानेही दोन-चार पावले चालतात, त्यावर विसंबू नये. तेल चोळू नये, चहापाणी देऊ नये, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी रुग्णालयात जावे. गोळीचे नाव सांगावे. म्हणूनच औषधांची चिठ्ठी आणि घरच्यांचा फोन नंबर नेहमी खिशात असावा. वृद्धांत मेंदूभोवती रक्त हळूहळू साचते. पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखू लागले, झोप वाढली, बोलण्यात विसंगती आली, एक पाय ओढल्यासारखा झाला, तर तो विसरभोळेपणा समजू नये. घरातले लोक इथेच चुकतात. ‘बाबा हल्ली जरा हरवल्यासारखे वागतात’ म्हणून गप्प बसतात आणि महिन्यापूर्वीचे ते किरकोळ पडणे कोणाला आठवत नाही.

रस्त्यावर मदत करणाऱ्याने पोलिसांच्या भीतीने मागे हटू नये. मोटार वाहन कायद्यातील कलम १३४अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देते. धडक देऊन वाहन पळून गेले तर गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये भरपाईची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातातील जखमींना योजनेतील रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. त्यासाठी अपघाताची पोलिसांकडे नोंद झालेली असणे आवश्यक. तेव्हा ‘जाऊ द्या’ म्हणून घरी परतू नये.

सेकंद मागून घेणे

सिंगापूरमध्ये २००९ पासून एक सोय आहे. चौकातील खांबावर ज्येष्ठांनी आपले सवलतीचे कार्ड टेकवले की पादचाऱ्यांचा हिरवा दिवा तीन ते तेरा सेकंद अधिक वेळ राहतो. कोणी कोणावर उपकार करत नाही, चालकाला सौजन्य शिकवावे लागत नाही, दिवाच थांबतो. आपल्याकडे अशी यंत्रे येतील तेव्हा येतील. परंतु दिव्याची वेळ बदलण्यासाठी यंत्राचीही गरज नसते.

कायदा आपल्या बाजूने बराच आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालविण्याच्या नियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांजवळ येताना चालकाने वेग कमी करून, थांबून पादचाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींना वाट द्यायची असते. फुटपाथवर आणि सायकल मार्गावर वाहन नेण्यास मनाई आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. पुण्यात ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो. वर्षातला एक दिवस फार थोडा आहे. पण त्या दिवशी तिथे चालून आलेल्या ज्येष्ठांना रस्त्यावर बोलण्याचा आवाज ऐकू येतो, हे काही कमी नाही.

तक्रार करताना ‘वाहतुकीचा फार त्रास होतो’ असे लिहिले तर तो अर्ज बाजूला पडतो. मोजून लिहावे. अमुक चौक, रस्त्याची रुंदी अठरा मीटर, पादचाऱ्यांचा दिवा पंधरा सेकंद, आमच्या संघातील वीस सभासदांची चाल मोजली असता त्यांना लागतात बावीस ते पंचवीस सेकंद, तरी दिव्याची वेळ तेवढी वाढवावी. सिग्नलच्या वेळेसाठी अर्ज वाहतूक पोलिसांकडे, फुटपाथच्या कडा, उखडलेले ब्लॉक आणि दुभाजकातील थांबण्याच्या जागेसाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे. दोन्हींची पोच घ्यावी आणि महिन्याभराने त्याच चौकात जाऊन पुन्हा सेकंद मोजावेत. ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या बैठकीला खडू, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारे घड्याळ घेऊन गेलात, तर अर्जापुरती माहिती एका सकाळीत जमते.